धोंडाबाईच्या भिंतीतली अंडी

सोलापूर,
वैशाख, १९७९

प्रिय शांता,

तुझ्या कॉलेजातून एक कागद आलाय. वार्षिक अंकात तुझ्यावर एक पान छापायचं म्हणतात. पूर्ण नाव, जन्मगाव, संशोधनाचा विषय, छंद असे रकाने आहेत आणि खाली ‘कौटुंबिक आठवणी, दहा ओळींत’. छंदाच्या रकान्यात मी ‘चिखल’ लिहिलं. अव्वाला अजून सुनेच्या नावाची काळजी. म्हणाली, “खोड ते. लोक काय म्हणतील?” मी खोडलं आणि ‘गाळ’ लिहिलं.

दहा ओळींसाठी चार दिवस बसलोय. ‘कै. डॉ. शांताबाई अत्यंत मनमिळाऊ होत्या’ एवढं लिहून पेन थांबलं. मनमिळाऊ? तू? भर बाजारात माझ्या गिऱ्हाइकाच्या हातातली मलमल ओढून घेऊन भिंगातून तिचे धागे मोजणारी तू? ती बिचारी विचारत होती, “बाई, साडीला हवी का ब्लाऊजला?” आणि तू म्हणालीस, “किड्यांना.” ती बाई पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढली नाही!

शेवटी ठरवलं, ते पान राहू दे. आधी तुलाच लिहावं. कॉलेजच्या पानावर जे लिहिता येणार नाही, तेच नेमकं सांगायचं राहिलंय.

करमाळ्याला तुला बघायला आलो होतो, ते आठवतं? पोहे झाले, चहा झाला. तुझे वडील म्हणाले, “मुलांनो, काही विचारायचं असेल तर विचारा.” मी पोह्यांची रिकामी बशी चमच्यानं खरवडत बसलो. तूच मान वर केलीस आणि विचारलंस, “तुमच्या घरी विहीर आहे का?”

अव्वाचे डोळे भरून आले! बैलगाडीत बसेपर्यंत ती सांगत होती, “मल्लू, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. पाणी ओढायची तयारी ठेवून येतेय पोरगी.” लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिनं बघितलं, तर तू सुतळीला बारीक कापडाची पिशवी बांधून विहिरीत सोडली होतीस आणि वर आलेला गाळ बशीत घेऊन बघत होतीस.

“काय पडलं ग विहिरीत?” अव्वानं घाबरून विचारलं.

“काही पडलं नाही अव्वा. आत आहेत तेच बघतेय.”

त्या दिवसापासून तिनं तुला ‘हुच्ची’ म्हणायला सुरुवात केली. करमाळ्याच्या मुलीला कानडी कुठलं येणार! आठ दिवस तू ते लाडाचं नाव समजत होतीस. त्याचा अर्थ ‘वेडी’ हे मी तुला सांगितलं नाही. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. हे किरकोळ आहे.

तुझा विषय काय, हे मित्रांना सांगताना माझी फजिती व्हायची. पाण्यातल्या जीवांचा अभ्यास, आणि तोही सोलापूर जिल्ह्यात! म्हणजे टकल्यांच्या गावात कंगव्यांचं दुकान. एकदा मी तुला तसं म्हणालोही. तू रागावली नाहीस. म्हणालीस, “अहो, म्हणूनच तर. जिथं बारमाही पाणी, तिथले जीव आळशी. आपल्याकडच्यांना वाट बघता येते.”

मग तुझं ते बोरखडीचं तळं. तीन वर्षं, दर महिन्याचा पहिला रविवार. एसटीनं मंगळवेढा, तिथून मिळेल ती बैलगाडी, नाही मिळाली तर पाय. पुढं तू, खांद्यावर जाळं. मागं मी, हातात बादली, काखेत बाटल्या, आणि दातात सुतळी. सगळं गाव मला बाईंचा शिपाई समजायचं. एकानं तर मला विचारलं होतं, “सरकारी का खाजगी?” तू ऐकून घेतलंस आणि गालात हसलीस! गावाची ती समजूत तू कधी दूर केली नाहीस, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. आता तरी नोंदवून घे.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. तळं आधी गुडघाभर झालं, मग घोटाभर, मग तडे गेलेली नुसती जमीन. तू तेव्हाही जात होतीस. मीही रिकामी बादली घेऊन मागं! पुण्याहून तुझ्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं. तळं आटलंय तेव्हा विषय बदलावा, तीन वर्षं गेली ती गेली, माशांच्या बाजारावर काहीतरी करावं. तू ते पत्र तीनदा मोठ्यानं वाचलंस.

“आटलं म्हणजे मेलं का हो?” तू मला विचारलंस, जणू ते पत्र मीच लिहिलं होतं.

त्या दिवशी तू मला नीट समजावून सांगितलंस. पाणी सरत आलं की त्यातले काही बारके जीव गाळात अंडी टाकतात आणि मरून जातात. ती अंडी धुळीच्या कणाएवढी. उन्हात भाजतात, तुडवली जातात, वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात. पाणी लागलं की दोन-तीन दिवसांत त्यातून जीव बाहेर. तळ्यातला तो वरचा बोटभर गाळ आणायचा, घरी पाण्यात भिजवायचा आणि सरांना दाखवायचं की हे बघा, कोरडं तळं मेलेलं नसतं. तुझा डाव एवढाच होता.

एवढ्यात दारातून अव्वाचा आवाज आला. “अंडी? या घरात अंडी आणणार?”

“अव्वा, तसली नव्हेत.”

“कसली का असेनात! कपाळाला विभूती लावते मी रोज. माझ्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा भीत भीत येतो!”

तू म्हणालीस, “डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत ती.”

“मग तर बघायलाच नको. न दिसणारी अंडी! मी आमटी ढवळताना कशी ओळखायची?”



इकडं बोरखडीला दुष्काळी काम सुरू झालं. तळ्यातला गाळ काढायचा. शेकडो माणसं, पाट्या, फावडी. तू धावत मुकादमाकडं गेलीस. दहा हात लांब, दहा हात रुंद एवढा सगळ्यात खोलगट कोपरा आठवडाभर राहू द्या, पुढच्या रविवारी पोती आणून वरचा गाळ नेते, म्हणालीस. मुकादम भला माणूस. म्हणाला, “राहू द्या की बाई. हितं गाळाला काय तोटा हाय?”

आपण चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. कुणी चुकून पाय देऊ नये म्हणून मी दुकानातल्या लाल कापडाच्या चिंध्या चारी खुंट्यांना बांधल्या. मधोमध तू एक दगड ठेवलास आणि त्यावर चुन्यानं आकडा लिहिलास. आता तूच सांग. लाल कापड, पांढरा चुना, मधोमध दगड. आपण शास्त्राचं काम करत होतो ग, पण बघणाऱ्याला काय दिसत होतं?

आता सांगतो. सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट.

तू सुतळी मोजत होतीस तेव्हा मी कामाशेजारच्या हॉटेलात चहाला गेलो. हॉटेल म्हणजे चार बांबू आणि एक चूल. पाच-सहा जण बसले होते. एकानं विचारलं, “ओ शिपाई, बाई काय शोदत्यात हो तितं?”

‘किडे’ एवढा एक शब्द बोललो असतो तर काही बिघडलं नसतं. पण तो ‘शिपाई’ माझ्या जिव्हारी लागला. वाटलं, या लोकांना कळू दे माझी बायको केवढं मोठं काम करतेय! मी आवाज खाली आणला. म्हणालो, “तुमच्या गावाला कल्पना नाही तिथं काय आहे. कितीतरी वर्षं गाळाखाली पडून आहे. खूण फक्त आमच्या बाईंना सापडलीय. मोल करता यायचं नाही असं आहे.”

चहावाल्यानं मी न मागता मला दुसरा चहा दिला, तोही दुधाचा. दुष्काळात! तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी आपला मान ताठ करून तो चहा प्यालो. शांता, माझ्या शब्दाशब्दात खरं होतं की नाही? एकही शब्द खोटा नव्हता. हीच तर गोम आहे.

पुढच्या रविवारी आलो, तर कोपरा नव्हता. तिथं खड्डा होता. सारं तळं गुडघाभर खणलेलं आणि आपला कोपरा मात्र विहिरीसारखा, दोन पुरुष खोल. मुकादम हसत सामोरा आला.

“बाई, तुमच्या जाग्यावर मानसं अशी तुटून पडली, काय सांगू! सारा आठवडा ज्यास्नी पाटी उचलवत न्हवती, ती पळत व्हती पळत. मी आडवा झालो, तर मलाच वलांडून गेली!”

“पण का?” तू विचारलंस.

“गुप्तधन हाय म्हनं. म्हंजे, न्हाय. निगालं न्हाय. एक फुटकी घागर, बैलाची घंटा आन एक तांब्या. तांब्यापायी दोगा भावांचं बोलनं बंद हाय.”

तू माझ्याकडं वळलीस. “लोकांना असं कसं वाटलं हो?”

मी आकाशाकडं बघितलं. म्हणालो, “अडाणी लोक. काय सांगावं!” तू खड्ड्याच्या काठावर बसलीस. मला वाटलं, आता रडशील. तीन वर्षांचं काम माझ्या एका चहापायी खड्ड्यात गेलं होतं, अगदी खरोखरच्या खड्ड्यात. मला तिथंच आत उडी मारावीशी वाटत होती. पण तू थोड्या वेळानं पदर झटकून उठलीस आणि विचारलंस, “पहिल्या पाट्या कुणी नेल्या?”

अंडी वरच्या बोटभर थरात. म्हणजे पहिल्या दहा-पंधरा पाट्यांत. काय डोकं होतं ग तुझं! बाकी गाळ गाड्यांनी कुठल्या कुठल्या शेतात गेला होता. पण मुकादमाला आठवलं, पहिल्या पाट्या धनगरवस्तीवरच्या धोंडाबाईनं नेल्या.

धोंडाबाई. पोरं मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात दूर गेलेली, म्हातारी चार शेरडं सांभाळत एकटी मागं राहिलेली. दारातच बसली होती. गाळ कुठाय विचारलं, तर तिनं अंगठ्यानं मागं दाखवलं. भिंत! म्हातारीनं त्या गाळानं झोपडीची भिंत लिंपून काढली होती.

“समदी धनामागं पळत व्हती,” ती म्हणाली. “म्या म्हनलं, धन निगंल तवा निगंल. माज्या भिंतीला पोपडे सुटल्यात ते आदी बगावं.”

साऱ्या गावात शहाणं माणूस तेवढं एकच निघालं! तू तिच्यासमोर उकिडवी बसलीस.

“आजी, या भिंतीचा एक तुकडा द्याल?”

“का? भिंत हाय ती, शिरापुरी न्हवं.”

“तिच्यात अंडी आहेत.”

म्हातारी ताडकन उठली. “सापाची?”

“नाही हो. पाण्यातल्या बारक्या किड्यांची.”

तिनं तुझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग बराच वेळ माझ्याकडं. “ह्ये कोन?”

“माझे मालक.”

“बरं सोसत्यात,” ती म्हणाली. बोरखडीत मला मिळालेला तो पहिला मान. मग ती आत जाऊन विळा घेऊन आली. “ने. पर जे निगंल ते मला आनून दावायचं. माज्या भिंतीतलं हाय त्ये.”

एसटीत कंडक्टरनं गाठोड्याला हात लावून विचारलं, “काय हाय यात?”

“भिंत,” तू म्हणालीस.

“सबंद?”

“नाही. थोडी.”

त्यानं जरा विचार केला. “थोडी आसंल तर मांडीवर घ्या.”

घरी आलो. पण पाणी? नळ कधीतरी करंगळीएवढा यायचा, आणि विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी मचूळ. तेच एक कळशी तू परातीत ओतलंस, भिंत चुरून आत घातलीस. त्या कळशीच्या बदल्यात मी अंघोळ सोडली. आठ दिवसांनी दुकानात गिऱ्हाईक लांबूनच कापड बघायला लागलं. आणि परातीत काय? चिखल. दुसऱ्या दिवशी चिखल. पाचव्या दिवशी वास मारणारा चिखल. अव्वा म्हणाली, “पिणाऱ्या माणसांच्या तोंडचं पाणी भिंतीला पाजलं. हुच्ची!”

आपल्या साऱ्या संसारात तू गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली. ताटात भाकरी तशीच. तोंडाशी आलं होतं ग, की शांता, मीच तो शहाणा, मीच बोललो त्या हॉटेलात. तेवढ्यात तूच म्हणालीस, “पाण्यात क्षार फार आहेत. या जीवांना पावसाचं पाणी ओळखता येतं. गोडं, स्वच्छ.”

पावसाचं पाणी! त्या वर्षी! ढग बघायचा तर कॅलेंडरवर बघायचा.

मी दुकान उघडायला निघालो, वाटेत ट्रकवाल्यांचं गॅरेज लागतं. तिथं मिस्त्री एका बाटलीतून बॅटरीत पाणी ओतत होता. विचारलं, तर म्हणाला एकदम साफ पानी, क्षारबिर कुछ नहीं. मी म्हटलं, मला दोन बाटल्या हव्यात.

“क्या सेठ, गाडी कब लिए जी?”

“गाडी नहीं,” मी म्हटलं. “अंडे हैं.”

तो मिस्त्री आजही मला रस्त्यात दिसला की आदरानं बाजूला होतो.

ते पाणी तू उरलेल्या भिंतीच्या चुऱ्यावर ओतलंस. तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वाची किंकाळी ऐकू आली. आपण दोघं धावलो. अव्वा परातीवर वाकली होती. मोतीबिंदू काढल्यावर मिळालेला तिचा तो बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा! तुझ्या भिंगाआधी अव्वाच्या चष्म्याला ते दिसले.

“हुळ! हुळ! अग शांता, तुझे किडे हलायला लागले!”

ठिपके. मोहरीच्या टरफलापेक्षा बारीक, धडपडणारे ठिपके. तू जमिनीवर पालथी पडून बघत होतीस, शेजारी अव्वा पालथी, आणि मधे जागा नाही म्हणून मी उभा. तुझे खांदे हलत होते. हसत होतीस की रडत होतीस, अजून मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी तेव्हा काहीच विचारण्याच्या लायकीचा नव्हतो.

दुपारी बघतो, तर अव्वा चिमटीनं ज्वारीचं पीठ परातीत भुरभुरवत होती. “जीवाला उपाशी कसं ठेवायचं?” वर मलाच म्हणाली.

“आणि अंड्यांचं काय अव्वा? विटाळ?”

“अंड्यातून बाहेर आले की ते अंडं राहत नाही. आता चालतं.”

अकरा जगले, आणि दोन आठवड्यांत नखाएवढे झाले. काचेसारखे आरपार, आणि सगळे पोट वर करून, पाठीवर पोहणारे. बरणीत घालून तू ते आधी कुणाला दाखवायला नेलेस? सरांना नव्हे, धोंडाबाईला. वस्ती गोळा झाली. म्हातारीनं बरणी उन्हात धरली.

“ही आशी उताणी का पवती?”

“ती अशीच असते आजी.”

“आमच्या थोरल्या सुनंवानी. सारा दिस उताणीच.” मग तिनं भिंतीकडं मान वळवली. “म्हंजे हिच्यात आनी हायती?”

“पुष्कळ.”

“आन म्या पाट टेकून निजती हितं!” म्हातारी म्हणाली, पण आवाजात तक्रार नव्हती. त्या दिवसापासून ‘उताणी’ हेच त्या किड्याचं नाव पडलं. तुझं लॅटिन नाव बोरखडीत कुणालाही कधी लागलं नाही.

पाऊस आला, तळं भरलं. पण आता ते खोल झालं होतं, पाणी टिकायला लागलं, लोकांनी मासे सोडले आणि माशांनी उताण्या खाऊन फस्त केल्या. लोकांना पाणी मिळालं, तुझं संशोधन माशांच्या पोटात गेलं. पण तू डगमगली नाहीस, कारण धोंडाबाईची भिंत त्याच पावसात निम्मी धुपून दारापुढच्या खळग्यात वाहून गेली होती, आणि शेरडं पाणी पितात त्या एवढ्याशा डबक्यात उताण्याच उताण्या! प्रबंधात तू जागेचं नाव काय लिहावंस? ‘धोंडाबाईचे डबके’. सरांनी खोडलं, तू पुन्हा लिहिलंस. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, “हे धोंडाबाई, हा प्राणी की वनस्पती?”

“धनगर आहेत सर,” तू म्हणालीस. “मंगळवेढ्याकडच्या.”

डॉक्टर झालीस! अव्वानं गल्लीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, “पहिल्यांदा मला दिसले हं.”

या सगळ्या वर्षांत तू एक प्रश्न मला अधूनमधून विचारायचीस. जेवताना, एसटीत, कधी दुकानात गिऱ्हाइकासमोरसुद्धा. “अहो, ती गुप्तधनाची आवई कुणी उठवली असेल हो?” इतका भोळा चेहरा करून! आणि मी घाईघाईनं कापडाच्या घड्या घालायला लागायचो, किंवा मला खोकला यायचा, किंवा मी तुझी बादली उचलून पुढं चालायला लागायचो.

गेल्या वर्षी कावीळ झाली तुला. तीन आठवडे. लोक म्हणाले, जन्मभर डबकी ढवळली, दुसरं काय होणार! मी भांडलो सगळ्यांशी. तू डबक्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाहीस. घरातलंसुद्धा उकळून, गाळून पाजायचीस, आणि मी त्याला बेचव म्हणायचो. दवाखान्यात शेवटल्या आठवड्यात डोळे पिवळेजर्द, आवाज खोल गेलेला, आणि तू हळूच विचारलंस, “अहो, कुणी उठवली असेल हो ती आवई?”

मी तोंड उघडलं, आणि नर्स आली. खरं सांगू? नर्स आली नसती तरी मी ‘कुणास ठाऊक’ असंच म्हणालो असतो. माझी छाती नव्हती ग. याचीच खंत मला तू गेल्यावर दहा दिवस खात होती.

अकराव्या दिवशी धोंडाबाई आली. एकटी, एसटीनं, चौकाचौकात ‘किड्यावाल्या बाईचं घर’ विचारत. घरात माणसं बसलेली. ती अव्वाशेजारी टेकली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मालक, आता सांगाया हरकत न्हाय. त्ये धनाचं तुमीच बोलला व्हता न्हवं का हाटेलात?”

मी तुझ्या फोटोचा हार सरळ करायला लागलो.

“बाईला पयल्याच दिशी ठावं हुतं. हाटेलवाल्यानंच सांगितलं तिला, त्या खड्ड्यापाशी. मला म्हनली, आजी, मला कळलंय ह्ये त्यास्नी कळू देऊ नगा. चांगलंच बोलाया गेल्ते, माजंच नाव मोटं कराया गेल्ते. शिवाय तवापास्नं बादली उचलताना कुरकुर करत न्हाईत.”

शांता! इतकी वर्षं! मी हसलो ग. घरभर माणसं बसलेली, तुझ्या फोटोला हार घातलेला, आणि मी मोठमोठ्यानं हसत सुटलो. अव्वानं माझ्या दंडाला धरून हलवलं, तिला वाटलं आता मुलगाही हुच्चा झाला. मग कधीतरी ते हसू राहिलं नाही. धोंडाबाई म्हणाली, “आसू द्या, आसू द्या,” आणि लोकांना हातानं बाहेर जायची खूण केली.

तुला काय वाटलं, माझी जिरवलीस? जिरवलीस. कबूल आहे. पण दवाखान्यात त्या दिवशी तू मला कबुलीची शेवटची संधी देत होतीस का ग? की नुसती मजा घेत होतीस? मला वाटतं, मजाच घेत होतीस. तसंच असू दे.

आता कालचं सांगतो. धोंडाबाईचा निरोप आलाय. वस्तीवर रस्ता येतोय. रस्ता यायलाच हवा, पावसाळ्यात तिथून आजारी माणूस हलवता येत नाही. पण त्यासाठी ते डबकं मुरूम टाकून बुजवायचं म्हणतात. रस्ता चार हात पलीकडून नेला तर डबकं राहतं. पुढल्या आठवड्यात चावडीवर बैठक आहे. निरोपात म्हातारीनं एवढंच कळवलंय, “मालकांनी यावं आन बोलावं.”

मी! बोलावं!

मी जाणार आहे. तुला शब्द देतो, या वेळी आवाज खाली आणणार नाही आणि मोठं काही सांगणार नाही. उभा राहून म्हणेन, मंडळी, या डबक्यात किडे आहेत. नखाएवढे आहेत. खायला चालत नाहीत, विकत कुणी घेत नाही, औषधाला उपयोगी नाहीत. उताणे पोहतात. पाणी नसलं की वाट बघतात. माझ्या बायकोला ते फार आवडायचे. रस्ता चार हात सरकवा.

तुझा,
मल्लिनाथ